पाण्यातलं फ्लोराइड: आधी आकडा, मग काळजी

फ्लोराइडबद्दल मोबाइलवर फिरणारा मजकूर दोन तऱ्हांचा असतो. एकात फ्लोराइड म्हणजे मेंदू बधिर करणारं विष, दुसऱ्यात फ्लोराइड म्हणजे दातांचं कवच आणि शंका घेणारे सगळे अडाणी. दोन्ही वाचून माणूस नळाकडे संशयाने बघतो, चार दिवस चिडचिड करतो आणि मग विसरतो. कारण दोन्ही मजकुरांत एक गोष्ट हटकून गायब असते: आपल्या पाण्यात ते एका लिटरला किती मिलिग्रॅम आहे. तो आकडा हातात नसेल तर घाबरण्यालाही अर्थ नाही आणि निर्धास्त राहण्यालाही.

तेव्हा या विषयात नव्याने शिरणाऱ्याने कुठून सुरुवात करायची, हे क्रमाने सांगतो.

आधी दोन भांडणं वेगळी करा

जगात फ्लोराइडवरून दोन वेगळे वाद चालतात आणि फॉरवर्डमध्ये त्यांची खिचडी होते.

पहिला वाद पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालण्याचा. दात किडू नयेत म्हणून अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने २५ जानेवारी १९४५ रोजी हे सुरू केलं. तिथलं शिफारस केलेलं प्रमाण आज लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. २०१५ पूर्वी ते हवामानानुसार ०.७ ते १.२ असायचं. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथेही पाण्यात फ्लोराइड घालतात. पश्चिम युरोपातले बहुतेक देश घालत नाहीत. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत त्याऐवजी फ्लोराइडयुक्त मीठ मिळतं.

दुसरा वाद म्हणजे खरं तर वाद नाहीच, ती आपत्ती आहे. ग्रॅनाइट, नाइस यांसारख्या खडकांतली फ्लोराइडची खनिजं भूजलात विरघळतात आणि प्रमाण ३, ५, कधी १० मिलिग्रॅमच्याही वर जातं. हे कोणी घातलेलं नसतं, त्यामुळे कोणी आदेश काढून थांबतही नाही. भारतात यातून होणारा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडण्याचा आजार, १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यात नोंदवला गेला. पूर्व आफ्रिकेची खचदरी, चीन आणि मेक्सिकोचे काही भाग इथेही हेच दुखणं आहे.

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच निरीक्षणात आहे. फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तेव्हा तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागाळलेले दिसले. पुढे लक्षात आलं, की हे डागाळलेले दात किडतात मात्र कमी. डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये कळलं. म्हणजे अपाय आधी सापडला, उपयोग नंतर.

आपल्या प्रश्नासाठी एवढंच पक्कं करा: तुमचं पाणी ०.७ च्या आसपासचं आहे की ३ च्या? ०.७ वरची चर्चा ३ ला लावली तर उगाच धीर येतो. ३ वरची चर्चा ०.७ ला लावली तर उगाच झोप उडते.

पहिली पायरी: पाणी येतं कुठून

नदी, तलाव, धरण यांच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं, पावसाच्या पाण्यात तर नावापुरतं. धोका मुख्यतः भूजलाचा, त्यातही खोल बोअरवेलचा. पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकी खनिजं विरघळायला सवड जास्त. शेजारच्या बोअरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आपला चांगला, असं धरू नका. खोली वेगळी, खडकाची भेग वेगळी, की आकडाही वेगळा.

चवीवर तर अजिबात जाऊ नका. फ्लोराइडला या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग. उलट एक फसवी गोष्ट आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. म्हणून जास्त फ्लोराइडचं भूजल बरेचदा कमी कॅल्शियमचं आणि अल्कधर्मी असतं. म्हणजे साबणाला छान फेस येणारं आणि भांड्यांवर पांढरे थर न सोडणारं जे पाणी लोकांना ‘चांगलं’ वाटतं, नेमकं त्यातच फ्लोराइड निघू शकतं. दर वेळी निघतं असं नाही, पण ‘पाणी मऊ आहे, काळजी नको’ हा तर्क इथे चालत नाही.

पाणी नळयोजनेचं असेल तर पुरवठादाराकडे तपासणीचा अहवाल मागा. योजना भूजलावर चालते का, हेही त्याच वेळी विचारा.

दुसरी पायरी: तपासणी

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

टीडीएस मीटर पाण्यात बुडवून फ्लोराइड कळत नाही. तो मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यात फ्लोराइडचे दोन-तीन मिलिग्रॅम कुठल्या कुठे हरवतात. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यात फ्लोराइड ४ असू शकतं आणि टीडीएस १२०० असलेल्या पाण्यात ०.५. मीटर दाखवून ‘तुमच्या पाण्यात फ्लोराइड आहे’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. फ्लोराइड काचेशी थोडीफार प्रक्रिया करतं. पंप किंवा नळ काही मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. वर तारीख, स्रोत आणि बोअरची खोली लिहा. फिल्टर बसवलेला असेल तर दोन बाटल्या घ्या, एक फिल्टरच्या आधीची आणि एक नंतरची. जंतूंच्या तपासणीसारखी बर्फात ठेवून धावपळ करायची गरज नाही, फ्लोराइड बाटलीत टिकून राहतं.

प्रयोगशाळेत दोन पद्धती चालतात. एक इलेक्ट्रोडची, म्हणजे पाण्यात बुडवून फ्लोराइड मोजणाऱ्या कांडीची. तीत नमुन्यात आधी एक बफर द्रावण घालतात. त्याने अल्युमिनियम आणि लोखंडाला चिकटलेलं फ्लोराइड सुटं होतं आणि मोजणीत येतं. दुसरी रंगाची, जी तपासणीच्या तयार किटमध्येही असते. ठरलेल्या मापाचं पाणी नळीत घ्यायचं आणि त्यात लाल रंगाचं द्रावण सोडायचं. या रंगाला झिर्कोनियमने बांधून ठेवलेलं असतं. फ्लोराइड ते झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडत जातो. जितका फिका, तितकं फ्लोराइड जास्त. नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरून रंगपट्टीशी जुळवा. (किटनुसार रंग वेगळे असतात, सोबतची पत्रिका वाचा.)

किटवर ‘कमी’ की ‘खूप जास्त’ हे चांगलं कळतं. पण १.० आणि १.५ मधला फरक डोळ्यांनी सांगणं अवघड, आणि निर्णय नेमका तिथेच अडतो. शिवाय तुरटीने शुद्ध केलेल्या पाण्यात अल्युमिनियम उरलेलं असलं तर ही रंगाची तपासणी फ्लोराइड आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकते. म्हणून पहिला आकडा आणि फिल्टरनंतरचा आकडा, दोन्ही शक्यतो इलेक्ट्रोडवरून काढून घ्या.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचणं

मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीएम, पाण्याच्या बाबतीत दोन्ही एकच. ‘बीडीएल’ लिहिलं असेल तर प्रमाण उपकरणाला मोजता येण्याइतकंही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १.५ आहे. भारतीय मानक, आयएस १०५००, १.० ला स्वीकारार्ह म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. अमेरिकेत कायद्याने लागू असलेली कमाल मर्यादा ४.० आहे आणि दातांच्या डागांसाठी इशाऱ्याची पातळी २.०. एवढी तफावत पाहून ‘मग खरं काय?’ असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेचा ४.० हा आकडा १९८६ चा आहे आणि तो हाडांचा गंभीर आजार टाळण्यापुरता ठरवलेला आहे. मुलांच्या दातांचा विचार केला तर तो ढिला आहे. घरात मुलं असतील तर त्याचा आधार घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

माझी ढोबळ वाटणी अशी. १.० च्या आत असेल तर रिपोर्ट फाइलला लावा आणि कामाला लागा. १.० ते १.५ मध्ये लहान मुलांपुरती सोय बघा. १.५ ते ३ मध्ये पिण्या-स्वयंपाकाचं पाणी बदला किंवा शुद्ध करा. उद्याच नाही, पण टाळूही नका. ३ च्या वर असेल तर ते पाणी पिणं थांबवायची सोय हेच पहिलं काम.

चौथी पायरी: पोटात किती जातं

पाण्यातलं प्रमाण हा अर्धा हिशेब झाला. शरीराला लिटर कळत नाहीत, एकूण मिलिग्रॅम कळतात. २ मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला दीड लिटर पिणाऱ्या माणसाला ३ मिलिग्रॅम मिळतं. तेच पाणी उन्हात राबणारा माणूस पाच लिटर पितो, त्याला १०. शिजवताना अन्नात मुरणारं पाणी वेगळं धरा. चहाच्या झाडाची पानं जमिनीतलं फ्लोराइड साठवतात, त्यामुळे दिवसभर कडक चहा पिणाऱ्याने तेही धरावं.

तुलनेसाठी आकडे घ्या. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रोजची कमाल पातळी १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी १.३ मिलिग्रॅम, ४ ते ८ वर्षांसाठी २.२ आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी १० ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र म्हणते, की रोज ६ च्या वर गेलं की हाडांवर परिणामाची शक्यता दिसू लागते आणि १४ ला ती स्पष्ट होते. मोठ्यांसाठी मी ६ हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवीन.

आंघोळ, धुणीभांडी, फरशी यांचा हिशेबच नको. त्वचेतून फ्लोराइड लक्षात घेण्याइतकं आत जात नाही. हे वाक्य पैसे वाचवतं: अख्ख्या घराचं पाणी शुद्ध करायची गरज नाही. पिण्या-स्वयंपाकाचं तेवढं केलं की झालं.

पाचवी पायरी: घरात कोण आहे

गिळलेल्या फ्लोराइडपैकी बहुतेक रक्तात जातं. मोठ्या माणसात साधारण निम्मं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात, उरलेलं हाडांत बसतं. लहान मुलांच्या वाढत्या हाडांत त्याहून जास्त बसतं. मूत्रपिंडं अधू असतील तर बाहेर टाकणंच कमी होतं. म्हणून पहिली काळजी बाळांची, दुसरी मूत्रपिंडाच्या रुग्णांची.

अंगावरच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असतं, आईचं पाणी जास्त फ्लोराइडचं असलं तरी. पावडरचं दूध मात्र ज्या पाण्यात कालवाल त्या पाण्याचं सगळं फ्लोराइड घेऊन येतं. सहा किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर पाणी अशा दुधातून घेत असेल आणि पाणी २ चं असेल, तर पोटात दीड मिलिग्रॅम. वर दिलेली दीड-दोन वर्षांच्या मुलाची मर्यादाच १.३ आहे. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आधी या बाटलीसाठी ठेवा.

दातांवरचे डाग ओळखायला शिका. दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, बनत असतं त्या काळात, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, जास्त फ्लोराइड गेलं तरच ते पडतात. मोठेपणी कितीही प्यायलं तरी नवे डाग येत नाहीत. सौम्य असतील तर खडूसारख्या पांढऱ्या रेघा किंवा ठिपके, दाताच्या आडव्या अंगाने. वाढले की पिवळे, मग तपकिरी, शेवटी एनॅमलला खड्डे. खूण अशी, की डावीकडच्या दातावर जे असतं ते उजवीकडच्या जोडीदार दातावरही साधारण तसंच दिसतं, आणि घासून जात नाही. तंबाखूचे किंवा चहाचे डाग वरवरचे असतात, हिरड्यांलगत आणि फटींत जमतात, दंतवैद्याच्या सफाईत निघतात.

हाडांचा आजार गुपचूप येतो. अनेक वर्षं जास्त फ्लोराइड गेलं की मान, कंबर, गुडघे आखडतात. गावपातळीवर तीन सोप्या हालचाली करून पाहतात: गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीवरचं नाणं उचलणं, हनुवटी छातीला टेकवणं, हात वर नेऊन कोपरात वाकवून डोक्याच्या मागे टेकवणं. तिन्ही जमत नाहीत म्हणजे फ्लोरोसिसच, असं अजिबात नाही. संधिवातातही हेच होतं. पण पाण्याचा आकडा जास्त आणि हालचाली अडलेल्या, असं दोन्ही जुळलं तर डॉक्टरांना पाण्याचा रिपोर्ट दाखवा. लघवीतलं फ्लोराइड आणि पुढच्या हाताचा एक्स-रे यांवरून बरंच कळतं. हाडांतलं फ्लोराइड विरघळवणारं औषध नाही. पाणी बदलणं हाच उपचाराचा पाया. सोबत पुरेसं कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व, कारण कुपोषणात हा आजार जास्त बळावतो.

मेंदूचं काय?

सगळ्यात जास्त भीती याचीच, म्हणून थोडं थांबून सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकोलॉजी प्रोग्रॅमने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल दिला: लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी दिसतो, आणि या निष्कर्षावर त्यांचा विश्वास ‘मध्यम’ आहे. ०.७ च्या पाण्याबद्दल ठरवायला पुरेशी माहिती नाही, हेही त्याच अहवालात आहे. फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं गळतं. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला पाण्यात घातल्या जाणाऱ्या फ्लोराइडबाबत पावलं उचलायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये यूटा आणि फ्लोरिडा राज्यांनी पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं. कॅनडातल्या कॅलगरीचा प्रवास उलटा: २०११ मध्ये बंद केलं, २०२५ मध्ये पुन्हा सुरू.

मुद्दाम फ्लोराइड घालण्याचा फायदाही आता पूर्वीइतका उरलेला नाही. वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात फ्लोराइडची टूथपेस्ट सर्रास झाल्यानंतरच्या काळात तो मुलामागे किडलेल्या दुधाच्या दातांत सरासरी पाव दाताची घट, एवढाच निघाला. घालायचं की नाही हा वाद त्या त्या देशांनी खुशाल घालावा. पण ज्यांचं पाणी मुळातच १.५ च्या वर आहे त्यांना त्याचा निकाल लागायची वाट पाहायचं कारण नाही.

सहावी पायरी: काढायचं कसं

आधी काय चालत नाही ते. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटून निम्मं झालं तर २ चं ४ होतं. यूव्ही, क्लोरीन, कँडल फिल्टर, साधा कार्बन फिल्टर, यूएफ यांतलं काहीच उपयोगी नाही. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, फ्लोराइड तसंच राहतं.

पहिला पर्याय दुसऱ्या स्रोताचा. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल तर यंत्राआधी त्याचा विचार करा. पूर्ण बदलता येत नसेल तर मिसळा: ३ चं आणि ०.२ चं पाणी निम्मं-निम्मं केलं की १.६ होतं, एकास दोन केलं की जवळपास १.१.

आरओ साधारण ८५ ते ९५ टक्के फ्लोराइड काढतो. त्यात एक खाच आहे. बऱ्याच घरगुती यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा स्क्रू असतो. चव यावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून (पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी पुन्हा मिसळतो, आणि त्याबरोबर फ्लोराइडही परत येतं. बसवणाऱ्याकडून तो बंद करून घ्या. यंत्र बाहेर टाकतं ते रिजेक्टचं पाणी फरशीला, संडासाला वापरा, जनावरांना नको. त्यात फ्लोराइड अधिक दाट झालेलं असतं.

अॅक्टिव्हेटेड अल्युमिनाचा, म्हणजे अल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र दाण्यांचा, फिल्टर वीज न लागता चालतो, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या दाण्यांवर फ्लोराइड चिकटतं. दाणे भरले की चिकटणं थांबतं, पण पाणी पूर्वीसारखंच स्वच्छ आणि गोड येत राहतं. कुठे दिवा लागत नाही, धार मंदावत नाही. अल्कधर्मी पाण्यात दाणे लवकर भरतात. म्हणून किती लिटर पाणी काढलं याची नोंद ठेवल्याशिवाय हा फिल्टर घेऊ नका.

नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि तुरटी घालून ढवळतात, साका खाली बसू देतात आणि वरचं पाणी काढून घेतात. गाळ दूर करायला तुरटी फिरवतात त्याच्या कितीतरी पट तुरटी इथे लागते, आणि ती फ्लोराइडबरोबरच पाण्याच्या अल्कतेवरून ठरते. अंदाजे टाकलेल्या चमच्याने फ्लोराइड राहतं आणि अल्युमिनियम वाढतं. माहितगाराकडून मात्रा ठरवून घेणार असाल तरच या वाटेला जा.

टूथपेस्ट टाकून द्यायची का?

नाही. पेस्टमध्ये साधारण १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असतं हे खरं, पण ते दातांवर काम करून थुंकायचं असतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्या आणि घासताना शेजारी उभे राहा. जाहिरातीतली ब्रशभर लांब वेटोळी मुलांसाठी नाहीत. पाणी १.५ च्या वर असेल आणि मूल पेस्ट गिळत असेल, तर कोणती द्यायची ते दंतवैद्याला विचारून ठरवा.

पुन्हा कधी तपासायचं

बोअरचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पावसाळा संपल्यावर. पाणी खाली गेलं की आकडा बदलू शकतो. बोअर खोल केला किंवा पंप खाली सोडला तर लगेच तपासा. आरओच्या बाहेर येणारं पाणी मेम्ब्रेन बदलल्यावर आणि त्यानंतर वर्षाने, अल्युमिनाच्या फिल्टरचं दर तीन महिन्यांनी. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा आणि एक प्रत शेजाऱ्यांना द्या. त्यांचा बोअर वेगळा असला तरी खडक बहुधा तोच आहे.